केळं न घालता आलेलं केळं

"यात केळं कुस्करून टाकलंय का रे?"

ग्लास नाकाशी नेल्यावर, पहिला घोट घेण्याआधीच, आमच्या सायझिंगवाल्या मित्राने हा प्रश्न विचारला. हे सगळं प्रकरण त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आम्ही तिघे भिवंडीतल्या कामतघरचे. वऱ्हाळा तलावाच्या काठाने शाळेत जायचो. दोन्ही बाजूंच्या शेडमधून मागांचा खडखडाट इतका सततचा असायचा की तो थांबला तरच लक्षात यायचा. पुढे एक जण कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागला, मी लिहू लागलो आणि तिसरा सायझिंगमध्ये गेला. बावीस वर्षं त्याने मोठ्या कढईत खळ शिजवली. आता तो काम मिळेल तिथे म्हणून सुरतेला निघाला होता. जाण्याआधीच्या शनिवारी भर पावसात आम्ही अंजूरफाटा, काल्हेर, कशेळीचा पूल, बाळकुम असं करत ठाण्यातल्या एका टॅपरूममध्ये पोचलो. तिथे काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या आणि टेबलावर आली ती ढगाळ, सोनेरी, वर जाड फेस असलेली गव्हाची बीअर.

प्रश्न ऐकून बीअर बनवणारा तरुण स्वतः टेबलापाशी आला. "नाही काका, एकही फळ नाही. गहू, जव, हॉप, पाणी आणि यीस्ट. बस."

मित्राने पुन्हा वास घेतला. वेलची केळं पिकून सालीवर काळे ठिपके पडले की येतो, तसाच तो वास होता. मागे किंचित लवंग. फळ नाही म्हणता, मग हे आलं कुठून?

खळ आणि माल्ट

त्या तरुणाने सुरुवात टाक्यांपासून केली. जवाचे आणि गव्हाचे दाणे भिजवतात, मोड येऊ देतात आणि मोड पुरते वाढायच्या आत गरम हवेने वाळवतात. हा झाला माल्ट. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करणाऱ्या घरांना ही कृती नवी नाही. मोड येताना दाणा आपल्या आत काही विकरं तयार करतो. पोटातल्या स्टार्चची साखर करून कोंबाला भरवणं हे त्यांचं काम. माल्ट भरडून साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला की ही विकरं पुन्हा कामाला लागतात. तासाभरात घट्ट पेज पातळ होते, गोड होते.

इथे सायझिंगवाल्याने त्याला थांबवलं. "म्हणजे खळ फाटते तसंच."

भिवंडीबाहेरच्या वाचकासाठी हे थोडं उलगडून सांगायला हवं. मागावर ताण्याचा धागा हजारो वेळा घासला जातो. तो तुटू नये म्हणून त्याला आधी स्टार्चच्या खळीतून काढून वाळवतात आणि मग बीमवर गुंडाळतात. हेच सायझिंग. खळ शिजवणाऱ्याची सगळी कसोटी तिच्या दाटपणात असते. ती पातळ झाली तर धाग्यावर बसत नाही आणि मागावर धागा तुटत राहतो. रात्रभर उरलेली खळ सकाळी आंबूस आणि पाण्यासारखी झालेली असते, ती टाकून द्यावी लागते. सूक्ष्मजीव आणि त्यांची विकरं तिच्यातला स्टार्च तोडून टाकतात. पुढे कापड विणून झाल्यावर मात्र हीच खळ नकोशी होते, कारण ती असेपर्यंत सुती कापड रंग नीट पित नाही. ती काढायला अमायलेज हे विकर वापरतात. एकेकाळी या कामासाठी चक्क माल्टचा अर्कच वापरला जायचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पायें आणि पेर्सो यांनी १८३३ मध्ये माल्टमधून हा स्टार्च तोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायस्टेज नाव दिलं. विकरांच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मानतात.

म्हणजे बीअरच्या पहिल्या टाकीत जे घडतं, ते आमच्या मित्राने बावीस वर्षं नुकसान म्हणून पाहिलं होतं. "आम्ही जे होऊ नये म्हणून जपतो, ते तुम्ही मुद्दाम घडवता," तो म्हणाला. तो तरुण मग त्याला काचेच्या भिंतीमागे घेऊन गेला. दोघे बराच वेळ तापमान, दाटपणा आणि ढवळण्याबद्दल बोलत उभे राहिले. त्या रात्रीतलं सगळ्यात लख्ख आठवतं ते हेच दृश्य.

पण साखर झाली म्हणजे केळं झालं नाही. गोड पाण्यात हॉपची फुलं घालून ते उकळतात, थंड करतात. इथवर त्यात केळ्याचा मागमूस नसतो. तो येतो पुढच्या टाकीत, यीस्ट घातल्यानंतर.

बाटलीत नसलेला वास

आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक बाटलीबंद बीअर लागर जातीची असते. तिचं यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १४ अंशांत, सावकाश काम करतं आणि मागे फारसा गंध ठेवत नाही. स्वच्छ, हलकी, बर्फासारखी थंड प्यायची बीअर म्हणजे लागर. एल जातीचं यीस्ट याहून उबेत, १८ ते २४ अंशांच्या आसपास काम करतं आणि गंधाच्या बाबतीत सढळ असतं. गव्हाची बवेरियन बीअर या दुसऱ्या घराण्यातली. जर्मनीत तिच्यासाठी निम्मा तरी माल्ट गव्हाचा असावा लागतो.

ही चव मराठी मुलखात पोचायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २००९ मध्ये पुण्यात डूलॅली सुरू झाली आणि जागेवरच बनवलेली ताजी बीअर नळातून ग्लासात येऊ लागली. ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रूअर तिथे बीअर बनवत असे. त्या नावातही आपल्याच मातीतलं गाव आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत अडकून पडलेले इंग्रज सैनिक सैरभैर होत, त्यावरून इंग्रजीत हा शब्द रुळला. पुढे २०१४ च्या सुमारास गेटवे ब्रुइंग कंपनीची बीअर मुंबईत मिळू लागली. व्हाइट झेन ही तिची गव्हाची बीअर बनत होती डोंबिवलीत. भिवंडी रोड स्टेशनवरून दिव्याच्या गाडीत बसलं की कोपर लागतं, त्याच्याच शेजारी. बवेरियात शतकानुशतकं जपलेला केळ्या-लवंगेचा वास आमच्या खाडीपलीकडे येऊन पोचला होता, आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

प्रयोगशाळेतलं केळं

आता रसायनशास्त्राच्या मास्तरांची पाळी होती. "बारावीचं प्रॅक्टिकल आठव," तो मला म्हणाला. परीक्षानळीत अल्कोहोल, त्यात अ‍ॅसिटिक आम्ल, वर तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, मग गरम पाण्यात नळी धरायची आणि वही भरायची: फळासारखा गोड वास, एस्टर तयार झाले. आम्ही ती ओळ पाठ केली, पण तो वास फळासारखाच का, हे कधी विचारलं नाही.

उत्तर साधं आहे. फळांच्या वासाचा मोठा भाग एस्टरांचाच असतो. पिकलेल्या केळ्याला केळ्यासारखा वास मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरमुळे येतो. गोळ्या-चॉकलेटांत केळ्याचा स्वाद म्हणून हेच घालतात. यीस्टही नेमकं हेच बनवतं, फक्त त्याला सल्फ्युरिक आम्ल लागत नाही. धान्यातून आलेल्या ल्युसिन या अमिनो आम्लातला नायट्रोजन ते स्वतःसाठी काढून घेतं. उरलेल्या सांगाड्याचं आयसोअमाइल अल्कोहोल होतं. मग यीस्टचं एक विकर त्याला अ‍ॅसिटिक आम्लाचा अंश जोडतं आणि केळ्याचा वास तयार होतो. लिटरभर बीअरमध्ये एक-दोन मिलिग्रॅम असलं तरी आपल्या नाकाला ते कळतं. चिमटीतल्या मिठाच्या काही कणांएवढंच हे वजन.

लवंगेची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. गव्हाच्या आणि जवाच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्ल असतं. माल्टचं पाणी आधी ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवलं तर ते मोकळं होतं. या बीअरच्या खास यीस्टमध्ये त्याचं रूपांतर करण्याची ताकद असते. त्यातून जो पदार्थ बनतो तो लवंगेतल्या युजेनॉलचा जवळचा नातलग आहे. म्हणून मसाल्याचा डबा न उघडता ग्लासात लवंग येते.

बनवणाऱ्याचं कौशल्य या दोघांचा तोल सांभाळण्यात आहे. टाकी जरा उबदार ठेवली, यीस्ट बेताचं घातलं, तर केळं वाढतं. आधी ४५ अंशांचा मुक्काम लांबवला तर लवंग पुढे येते. टाकीची उंचीसुद्धा फरक पाडते. उंच टाकीत तळाशी दाब जास्त आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही जास्त, त्यामुळे एस्टर कमी बनतात. बवेरियातले काही जुने कारखाने अजून उथळ, उघड्या हौदांत ही बीअर आंबवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बवेरियात १५१६ साली निघालेला बीअरचा प्रसिद्ध फतवा म्हणतो, बीअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढंच असावं. त्यात यीस्टचं नाव नाही. चव देणारा जीवच तेव्हा कुणाला माहीत नव्हता. लुई पाश्चरचं बीअरवरचं पुस्तक आलं १८७६ मध्ये आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवली ती १८८३ मध्ये. हजारो वर्षं माणूस ज्याच्या हातचं पीत होता, त्याची एकेक जात वेगळी ओळखू लागून दीडशे वर्षंही झालेली नाहीत.

यीस्टला हा वास कशाला हवा?

हा प्रश्न सायझिंगवाल्यानेच विचारला. "आपल्याला आवडतो ते ठीक. पण त्याला काय मिळतं?"

बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठात केव्हिन वर्स्ट्रेपेन हे यीस्टवर काम करतात. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. तरुणपणी ते यीस्टच्या वासाचा अभ्यास करत असताना शेजारच्या प्रयोगशाळेतून फळमाश्या, म्हणजे आपली चिलटं, निसटल्या. वास बनवणाऱ्या यीस्टच्या चंबूपाशी त्यांनी गर्दी केली. ज्या यीस्टमधलं वास बनवणारं जनुक काढून टाकलं होतं, त्याच्याकडे मात्र त्या फारशा फिरकल्या नाहीत. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या गटाने हे नीट पडताळून पाहिलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. एटीएफ१ हे ते जनुक. ते असलं तर माश्या जास्त येतात, पायांना-अंगाला यीस्ट चिकटवून घेतात आणि दुसरीकडे नेऊन सोडतात.

यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत. एका फळातली साखर संपली की दुसऱ्या फळापर्यंत जायचं कसं? म्हणून ते वास पेरतं. चिलटं त्या वासावर येतात, पोट भरतात आणि जाताना यीस्टला सोबत नेतात. घरातल्या फळांच्या टोपलीभोवती घिरट्या घालणारी चिलटं आपल्याला नकोशी वाटतात. पण पिकलेलं फळ, यीस्ट आणि चिलट यांचा हा करार माणसाहून कितीतरी जुना आहे. बीअरमधलं केळं म्हणजे चिलटांना धाडलेलं आमंत्रण. ते आपल्या हाती पडलं आणि आपल्यालाही आवडलं.

या रेणूचा अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो. मधमाशी डंख मारते तेव्हा सोबतच्या माश्यांना धोक्याची सूचना देणारं जे रसायन सोडते, त्यातही आयसोअमाइल अ‍ॅसिटेटच मुख्य असतं. म्हणून पोळ्याजवळ जाताना केळं खाऊ नये, असं मधुमक्षिकापालक सांगतात. चिलटाला जो वास "या" म्हणतो, तोच मधमाशीला "चाल करून जा" म्हणतो.

आपल्या ठाणे-पालघरच्या मातीत हा करार उघड्यावर दिसतो तो ताडीच्या मडक्यात. पहाटे उतरवलेला ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा, स्वच्छ आणि गोड. मडक्याला आतून चुना लावला तर ती काही काळ तशीच राहते. चुना नसेल तर हवेतलं, झाडावरचं, चिलटांनी आणलेलं यीस्ट आणि त्याच्या सोबतचे जिवाणू लगेच कामाला लागतात. दुपारपर्यंत नीरेची ताडी होते. आंबट, फसफसणारी, फळासारख्या वासाची. तिथे यीस्टचं पाकीट कुणी फोडत नाही. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक बीअरही अशीच होते. गरम रस रात्रभर उथळ हौदात उघडा ठेवतात आणि हवेतून येईल ते यीस्ट तिथे मुक्काम करतं.

आणि खरंच फळ घातलं तर?

त्या लॅम्बिकमध्ये आंबट चेरी घालून क्रीक नावाची बीअर करतात. आपल्याकडे पुण्यात कोकम घालून एल झाली आहे. आंबा घातलेली बीअर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे येते. आम्ही दुसऱ्या फेरीत तीच मागवली. सायझिंगवाल्याने मोठ्या आशेने घोट घेतला आणि म्हणाला, "वास आंब्याचा आहे, पण आंबा कुठे गेला?"

आंबा यीस्टने खाल्ला होता. पिकलेल्या हापूसच्या गरात भरपूर साखर असते. आमरसाचा आमरसपणा त्या साखरेवर उभा असतो. टाकीत गर पडला की यीस्ट आधी साखर संपवतं. मागे राहतो आंबटपणा, थोडा चीक आणि जो टिकेल तो वास. तोही सगळा टिकत नाही, बुडबुड्यांबरोबर उडून जातो. म्हणून जाणकार बनवणारे फळ शेवटी घालतात, मुख्य आंबणं उरकल्यावर.

हापूसचा वास तर फारच गुंतागुंतीचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर बरीच वर्षं काम झालं आहे. फळ पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनिऑल कसे वाढतात, कोकणातल्या गावागावांत तो वास कसा बदलतो, हे तिथल्या संशोधकांनी तपासलं. एवढा सगळा मेळ बीअरमध्ये जसाच्या तसा उतरवणं अवघड. गंमत म्हणजे आंब्याची आठवण द्यायला कधीकधी आंबाच लागत नाही. अमेरिकेत निघालेल्या सिट्रा जातीच्या हॉपला आंब्याचा, लिंबाचा वास येतो. बेल्जियन गव्हाच्या बीअरमध्ये संत्र्याच्या सालीसोबत धने घालतात. लिनालूल हा सुगंधी पदार्थ धन्यातही असतो आणि हॉपमध्येही.

घोट कसा घ्यावा

हे सगळं ऐकून झाल्यावर त्या तरुणाने आम्हाला एक साधा प्रयोग करायला लावला. नाक चिमटीत धरून घोट घ्या. घेतला. नुसतं आंबटगोड, फसफसणारं पाणी. आता नाक सोडा. सोडताच घशामागून केळं वर आलं. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग तोंडाच्या मागच्या वाटेने नाकात चढलेला वास असतो. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी कळतं. केळं जिभेला कळतच नाही.

यातून पिण्याची रीतही ठरते. बर्फगार बीअरमधून वास वर येत नाही, म्हणून गव्हाची बीअर ८-१० अंशांना घ्यावी. ग्लास उंच आणि वर किंचित रुंद असावा, म्हणजे फेस आणि वास दोन्ही टिकतात. बाटलीतली असेल तर शेवटचा थोडा भाग हलवून ओतावा, कारण तळाशी यीस्ट बसलेलं असतं. आणि थोडी घ्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासानंतर नाक थकतं आणि मग आपण नुसतं अल्कोहोल पीत राहतो. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवानाही लागतो. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं गुन्हा आहे. आम्ही जातानाही आणि येतानाही भाड्याच्या गाडीने गेलो. पावसात कशेळीचा पूल ओलांडताना तिघांपैकी कुणालाच बोलावंसं वाटत नव्हतं. सोमवारी एकाची गाडी सुरतेला निघणार होती.

दोन महिन्यांनी सुरतेहून त्याचा फोन आला. नव्या जागी पहिल्या आठवड्यातच रविवारची उरलेली खळ सोमवारी कढईत तशीच राहिली होती. तिथला पोरगा ती तापवायला निघाला. याने झाकण उघडलं, वास घेतला आणि त्याला थांबवलं.

"आंबूस वास तर मी आयुष्यभर घेतलाय," तो म्हणाला, "पण या वेळी त्याच्या मागे केळं सापडलं. पोराला सांगितलं, ही खळ नको वापरूस, हिच्यात कुणीतरी राहायला आलंय."